वाचकांचे प्रश्न: आंतरराष्ट्रीय राजकारण, कायदा आणि अर्थशास्त्र यांचा पदवीचा अभ्यास

बारावीचे निकाल जवळ आले की या सदराकडे अभ्यासक्रमांची चौकशी करणारी पत्रे वाढतात. या वेळी बडोद्यातील वाचकांची चार पत्रे एकाच विषयाभोवती असल्यामुळे ती थोडी संक्षिप्त करून एकत्र घेतली आहेत.

प्रश्न: माझ्या मुलीने कला शाखेतून, इंग्रजी माध्यमातून बारावीची परीक्षा दिली आहे. तिला आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घ्यायचा आहे. परराज्यातील एका खाजगी विद्यापीठात राजकारण, कायदा आणि अर्थशास्त्र यांचा एकत्रित पदवी अभ्यासक्रम आहे; परंतु त्याचे वर्षाचे शुल्क आम्हा दोघांच्या एकत्रित वार्षिक पगाराच्या निम्म्यावर जाते. तिच्या काकांचे म्हणणे असे की येथेच सयाजीराव विद्यापीठात बी. ए. करावे. मुलीला वाटते की साध्या बी. ए.मुळे या क्षेत्राची वाट बंद होईल. आपले मत कळवावे. (एक पालक, दांडिया बाजार)

उत्तर: काकांचा सल्ला मला मान्य आहे, आणि तो केवळ खर्चाच्या कारणासाठी नव्हे. आंतरराष्ट्रीय संबंध हा स्वतंत्र विद्याविषय म्हणून तसा तरुण आहे. पहिल्या महायुद्धाने केलेली वाताहत डोळ्यांपुढे असताना, १९१९ मध्ये, वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पहिले अध्यासन स्थापन झाले आणि तेव्हापासून हा विषय इतिहास, कायदा, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र यांच्या पद्धती उसन्या घेतच वाढला. त्यामुळे ज्या विद्यार्थ्याला यांपैकी एकही पद्धत नीट येत नाही, त्याच्याजवळ तीन वर्षांनंतर पुष्कळ बातम्या, काही सिद्धान्तांची नावे आणि चर्चासत्रात बोलण्याचे धैर्य एवढेच उरण्याचा धोका असतो. मांडणीचे कौशल्य मी कमी लेखत नाही. पण पुढे पदव्युत्तर प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी मुलाखत घेणारा माणूस आकडेवारी वाचता येते का, निकालपत्र समजते का, हे विचारतो.

याचा अर्थ एकत्रित अभ्यासक्रम वाईटच असतात असा नाही. आपण त्या विद्यापीठाचे माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि मागील दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागवा. अर्थशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत गणिते आणि आलेख आहेत की केवळ ‘चर्चा करा’ असे प्रश्न आहेत, कायद्याच्या प्रश्नपत्रिकेत एखादी काल्पनिक वस्तुस्थिती देऊन कोणते कलम लागू होते ते विचारले आहे की व्याख्या विचारल्या आहेत, एवढे पाहिले तरी त्या अभ्यासक्रमाची खोली कळते. प्रश्नपत्रिका दाखवायला विद्यापीठ तयार नसेल, तर तेही एक उत्तरच समजावे.

येथील पर्यायाविषयी सांगायचे तर १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि इतिहास हे तिन्ही विषय आहेत, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एक मुख्य विषय व त्याच्या जोडीला दुसरा गौण विषय घेण्याची सोय पदवीच्या चौकटीत आणली आहे. आपल्या मुलीने अर्थशास्त्र मुख्य आणि राज्यशास्त्र गौण घ्यावे, असे मी सुचवेन. उलट क्रम लावला तर चालत नाही असे नाही. मात्र राज्यशास्त्राचे वाचन पुढे स्वतःच्या बळावर वाढवता येते, अर्थशास्त्रातील गणिती भाग तसा वाढवणे बहुतेकांना जमत नाही. त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ज्यांचे नाव आहे त्या हंसाबेन मेहता येथील पहिल्या कुलगुरू होत्या आणि १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगावर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले होते, हे मुलीला अवश्य सांगा. आणि ज्या संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले, ते संस्थान बडोद्याचेच. कोलंबिया विद्यापीठात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता, पुढे लंडनमध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला आणि त्याच शहरात ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले. एका विषयात पाय घट्ट रोवून दुसरा विषय जोडायचा हा क्रम त्यांच्या शिक्षणात स्पष्ट दिसतो.

एक सावधगिरीची सूचना मात्र देणे आवश्यक आहे. पदवीच्या नावात ‘कायदा’ हा शब्द आला म्हणजे वकिलीची सनद मिळतेच असे नाही. भारतात वकिली करायची असेल तर बार कौन्सिलने मान्य केलेला, बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम किंवा कोणत्याही पदवीनंतरचा तीन वर्षांचा एलएल. बी. अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. आंतरराष्ट्रीय संबंध आणि कायदा अशा नावाची तीन वर्षांची बी. ए. पदवी त्यात मोडत नाही. मुलीचा ओढा खरोखर कायद्याकडे असेल, तर गांधीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा पाच वर्षांचा मार्ग आहे आणि त्यासाठी क्लॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ओढा निश्चित नसेल तर बी. ए.नंतर तीन वर्षांचा एलएल. बी. हा मार्ग उघडा राहतोच. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आंतरराष्ट्रीय विषयांसाठी वेगळे अध्ययनकेंद्र आहे आणि तेथील पदव्युत्तर प्रवेशाला ‘साधे’ बी. ए. मुळीच आड येत नाही.

प्रश्न: मी राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. युक्रेन आणि गाझा येथे जे चालले आहे ते पाहून असे वाटते की आंतरराष्ट्रीय कायदा ही बलवानांनी दुर्बलांना सांगायची गोष्ट आहे. शिक्षा करणारी सत्ताच नसेल तर त्याला कायदा कसे म्हणायचे आणि तो एवढा मन लावून का शिकायचा? (एक विद्यार्थिनी, शियाबाग)

उत्तर: तुमची शंका रास्त आहे, परंतु ती केवळ युद्धांच्या बातम्यांवर उभी आहे. शेजारचेच एक प्रकरण पाहू. १९६५ च्या एप्रिलमध्ये कच्छच्या रणात भारत आणि पाकिस्तान यांच्यात चकमकी झाल्या. ब्रिटनच्या मध्यस्थीने ३० जून १९६५ रोजी युद्धबंदीचा करार झाला आणि त्यात सीमेचा वाद तीन सदस्यांच्या लवादाकडे नेण्याची तरतूद होती. भारताने युगोस्लाव्हियाचे, पाकिस्तानने इराणचे सदस्य सुचवले आणि स्वीडनचे न्यायाधीश गुन्नार लागरग्रेन अध्यक्ष झाले. मध्यंतरी सप्टेंबरमध्ये दोन्ही देशांत पूर्ण युद्ध झाले. तरीही लवाद मोडला नाही. पाकिस्तानने मागितलेला प्रदेश सुमारे ३,५०० चौरस मैलांचा होता. त्यासाठी कच्छ संस्थान आणि सिंध यांच्यातील जुना पत्रव्यवहार, सर्वेक्षणाचे नकाशे, १९१४ चा ठराव, कोणत्या बेटावर कोणाच्या पोलिसांचा अंमल चाले, असले पुरावे बारकाईने तपासले गेले. संस्थानी दफ्तरातले पिवळे पडलेले कागद रद्दीत घालण्याची ज्यांना घाई असते, त्यांनी हे प्रकरण एकदा वाचावे.

१९ फेब्रुवारी १९६८ रोजी निवाडा आला. वादग्रस्त प्रदेशाचा सुमारे नऊ दशांश भाग भारताचा ठरला आणि साधारण ३५० चौरस मैल पाकिस्तानकडे गेले. तो भाग गेल्याबद्दल देशात तीव्र विरोध झाला, पण सरकारने निवाडा पाळायचे ठरवले. येथे प्रकरणाला दुसरे वळण लागले. मगनभाई ईश्वरभाई पटेल आणि इतरांनी न्यायालयात प्रश्न उपस्थित केला की भारताचा प्रदेश परदेशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती नको काय? हा आक्षेप पोकळ नव्हता. पश्चिम बंगालमधील बेरुबाडीचा भाग पाकिस्तानला देण्याच्या प्रकरणात, १९६० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने आपला प्रदेश दुसऱ्या देशाला देण्यासाठी घटनादुरुस्ती लागते असे मत दिले होते आणि त्यानंतर नववी घटनादुरुस्ती झाली होती. कच्छच्या बाबतीत मात्र १९६९ मध्ये न्यायालयाने म्हटले की जी सीमा मुळात अनिश्चित होती ती निश्चित करणे म्हणजे प्रदेश देऊन टाकणे नव्हे, म्हणून येथे घटनादुरुस्तीची गरज नाही.

आता या एका प्रकरणात तुमच्या अभ्यासाचे किती धागे गुंतले आहेत ते पाहा. आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर वाढवण्यास सांगणारा राज्यघटनेचा अनुच्छेद ५१ आणि करारांच्या अंमलबजावणीसाठी संसदेला कायदे करण्याचा अधिकार देणारा अनुच्छेद २५३ यांचा विचार कायद्याचा विद्यार्थी करील. दुखऱ्या भागावर पाणी सोडूनही सरकारने निवाडा का मानला, हा प्रश्न राज्यशास्त्राचा आहे. त्याचे उत्तर केवळ सद्‌वर्तनात शोधू नये. नव्वद टक्के प्रदेश ज्या कागदाने आपला ठरला तोच कागद फाडण्यात भारताचा काय लाभ होता, हेही विचारावे. सीमेचे जे टोक या लवादाने हाताळले नाही ते सर क्रीकचे, म्हणजे कच्छ आणि सिंध यांच्यामधील खाडीचे. ते अद्याप वादग्रस्त आहे आणि तेथे अर्थशास्त्र पुढे येते. १९८२ च्या समुद्र कायद्याच्या करारानुसार किनारी देशाला २०० सागरी मैलांपर्यंत मासेमारी आणि समुद्रतळातील साधनसंपत्ती यांवर विशेष आर्थिक हक्क मिळतात; त्यामुळे खाडीच्या मुखाशी रेषा थोडी सरकली तरी समुद्रात तिचा परिणाम फार मोठ्या क्षेत्रावर होतो. पोरबंदर किंवा ओखा येथून निघालेल्या होड्या पकडल्या गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यांच्यामागे ही न आखलेली रेषाही आहे.

शिक्षा करणाऱ्या सत्तेचा मुद्दा उरतोच. पाकिस्तानने हेरगिरीच्या आरोपावरून फाशीची शिक्षा सुनावलेले भारतीय नागरिक कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी ठरवले की पाकिस्तानने वकिलातीच्या संपर्काविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या अनुच्छेद ३६ चा भंग केला आहे आणि शिक्षेचा प्रभावी फेरविचार झाला पाहिजे. न्यायालयाने सुटकेचा आदेश दिला नाही, शिक्षा रद्दही केली नाही. आपल्याकडच्या अनेक वृत्तवाहिन्यांनी त्या दिवशी जणू सुटकाच झाली असा सूर लावला होता. निकालपत्र स्वतः वाचण्याची सवय लावून घ्या, असा माझा आग्रह आहे तो यासाठीच. भारताला या न्यायालयात जाता आले ते दोन्ही देशांनी स्वीकारलेल्या एका पूरक करारामुळे; तो नसता तर बाजू कितीही न्याय्य असली तरी दार उघडले नसते. अधिकारक्षेत्र हा शब्द पुस्तकात रूक्ष वाटतो, पण प्रत्यक्षात पुष्कळ खटले तेथेच जिंकले किंवा हरले जातात.

तुमच्या बाजूने एक पुरावाही मीच देतो. जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळावरील नेमणुका अमेरिकेने अडवल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून ते मंडळ कामच करू शकत नाही. परिणामी एखादा देश खालच्या पातळीवर हरला तरी अपील करून निकाल अधांतरी ठेवू शकतो. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या साखरेवरील साहाय्याविरुद्ध आणलेल्या वादात डिसेंबर २०२१ मध्ये भारताविरुद्ध निर्णय गेला, तेव्हा भारतानेही हाच मार्ग घेतला. महाराष्ट्रातील ऊस उत्पादकाला त्याचा लाभ झाला असेल. पण नियम मोडणारे नेहमी दुसरेच असतात असे मानणाऱ्या विद्यार्थ्याने हे उदाहरण टाळू नये. आंतरराष्ट्रीय कायदा दुबळा आहे हे म्हणणे सोपे आहे. तो कोठे चालतो, कोठे अडतो आणि कोणामुळे अडतो, हे पुराव्यानिशी सांगता येणे हा तुमच्या पदवीच्या अभ्यासाचा गाभा असला पाहिजे.

प्रश्न: मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा नट-बोल्टचा लहान कारखाना आहे. आमचा माल एका व्यापाऱ्यामार्फत युरोपात जातो. अलीकडे तिकडून आमच्या उत्पादनातील कार्बनचा हिशोब मागितला जातो. मुलगा वाणिज्य शाखेतून बारावी झाला; तो म्हणतो की असल्याच प्रश्नांचा अभ्यास करायचा आहे. पण त्याने अकरावीला गणित घेतले नाही. त्याला अर्थशास्त्र झेपेल का? (एक उद्योजक, प्रतापनगर)

उत्तर: आपल्याकडे मागितला जाणारा हिशोब युरोपीय संघाच्या सीमेवरील कार्बन आकारणीच्या व्यवस्थेमुळे आहे. सिमेंट, लोखंड व पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, खते, वीज आणि हायड्रोजन यांच्या आयातीला ती लागू होते, आणि पोलादाच्या यादीत नट-बोल्टही आहेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून केवळ माहिती द्यावी लागत असे. १ जानेवारी २०२६ पासून पैशाचा भाग सुरू झाला. मालाच्या कार्बन उत्सर्जनापोटी प्रमाणपत्रे विकत घेण्याची जबाबदारी युरोपातील आयातदाराची आहे आणि वर्षाला ५० टनांपर्यंतच असा माल आणणाऱ्या आयातदाराला सूट दिलेली आहे, तेव्हा आपला खरेदीदार त्या मर्यादेच्या कोणत्या बाजूला आहे हे व्यापाऱ्याला आधी विचारा.

आता चिरंजीवांविषयी. हा भार कागदावर आयातदाराचा असला तरी प्रत्यक्षात तो किती उचलणार आणि किती आपल्या दरातून कापून घेणार, हे मागणी व पुरवठ्याच्या लवचिकतेवर, म्हणजे दर बदलला की ती किती बदलतात यावर, ठरते. दुसरा कोणी पुरवठादार तोच बोल्ट कमी उत्सर्जनात देऊ शकत असेल तर आपल्यावरचा हिस्सा वाढतो. हे सूक्ष्मलक्षी अर्थशास्त्राचे पहिल्या वर्षाचे गणित आहे. ही आकारणी देशी आणि विदेशी मालाला समान वागणूक देण्याच्या व्यापार कराराच्या नियमात बसते का, आणि बसत नसेल तर पर्यावरणाच्या कारणासाठी दिलेल्या अपवादात बसते का, हा कायद्याचा भाग. आणि श्रीमंत देशांनी आधी प्रदूषण केले असल्याने सर्वांची जबाबदारी समान असली तरी भार वेगवेगळा असावा, हे १९९२ च्या हवामान करारातील तत्त्व भारत पुढे करतो, तो राजकारणाचा. आपला मुलगा ज्याला ‘असले प्रश्न’ म्हणतो, त्याचा इतका नेमका नमुना घरच्या कारखान्यात आहे, याचा त्याने उपयोग करून घ्यावा. तो हिशोबाचा तक्ता त्यालाच भरू द्या.

गणिताविषयी मी सौम्य उत्तर देऊ शकत नाही. दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी अर्थशास्त्राच्या ऑनर्स प्रवेशाला गणित आवश्यक असते, म्हणजे ती वाट त्याच्यापुरती बंद आहे. इतरत्र प्रवेश मिळेल, पण प्रवेश मिळणे आणि विषय झेपणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वाणिज्य शाखेत त्याने संख्याशास्त्र घेतले असेल तर निम्मी भीती कमी होईल. पहिले सत्र सुरू होण्यापूर्वीच्या सुटीत त्याने अकरावी-बारावीच्या पुस्तकांतून फलन (फंक्शन), अवकलन (डिफरन्सिएशन) आणि आव्यूह (मॅट्रिक्स) एवढे तीन भाग उदाहरणे सोडवून पुरे करावेत. नुसते वाचून होत नाही, हाताने सोडवावे लागते. ते जमले नाही तर त्याने वाणिज्य किंवा कायद्याच्या बाजूने याच क्षेत्रात यावे. आयात-निर्यातीचे कायदे आणि सीमाशुल्क जाणणाऱ्या माणसाची गरज मकरपुऱ्यापासून हजिऱ्यापर्यंत सगळीकडे आहे, आणि त्या कामाला अवकलन लागत नाही.

प्रश्न: मी गुजराती माध्यमात शिकलो, घरी मराठी बोलतो, इंग्रजी जेमतेम आहे. परराष्ट्र सेवेत जाण्याची इच्छा आहे. पदवीला कोणता विषय घ्यावा? (एक विद्यार्थी, रावपुरा)

उत्तर: परराष्ट्र सेवेत निवड संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून होते आणि तिला कोणत्याही शाखेची पदवी चालते. किमान वय २१ आहे. मुख्य परीक्षा आपण गुजराती किंवा मराठीतून लिहू शकता आणि मुलाखतही त्या भाषेत देता येते. इंग्रजीची प्रश्नपत्रिका केवळ उत्तीर्ण होण्यापुरती असते. राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा ऐच्छिक विषय उपलब्ध आहे म्हणून पदवीलाही तोच घेतला पाहिजे असे नाही. ज्या विषयात आपण तीन वर्षे मन लावून वाचाल तो घ्यावा.

परंतु इंग्रजी टाळून या क्षेत्राचा अभ्यास होईल, असे मी म्हणणार नाही. करारांचे मसुदे, न्यायालयाचे निकाल आणि अहवाल इंग्रजीत असतात. त्यांचे वाचन करताना संयुक्त राष्ट्रांच्या सनदेपासून सुरुवात करा. ती लहान आहे, तिची भाषा सरळ आहे आणि तिच्यातील अनुच्छेद २, २७ आणि ५१ पुढे प्रत्येक वर्षी लागतात. रोज एक अनुच्छेद इंग्रजीत वाचून त्याचा आशय आपल्या वहीत मराठीत किंवा गुजरातीत लिहावा आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा इंग्रजीत मांडून मूळाशी ताडून पाहावा. निवड झाल्यानंतर प्रशिक्षणात प्रत्येक अधिकाऱ्याला एक परकीय भाषा शिकावीच लागते. घरी एक, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी भाषा वापरत वाढलेल्या बडोद्याच्या मुलाला त्याचे फार ओझे वाटू नये.